बेटावर बोअर का मारत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की भाच्याला लक्षद्वीपमधल्या कवरत्ती बेटावर नोकरी लागली. चहूकडं समुद्र, तरी तिथं आठ-दहा फुटांवर गोडं पाणी लागतं. मग लोक पाण्याची ओरड का करतात, सरळ बोअर का मारत नाहीत?

भाऊ, आधी आपली लातूरकडची विहीर डोक्यातून काढा. आपल्याकडं काळा पाषाण. पाणी असलं तर मुरमात, नाहीतर खडकाच्या फटीत. फट लागली नाही की गाडीवाला म्हणतो, "अजून दोनशे फूट जाऊ." औशाच्या रानात ७८० फुटांवर नुसता फुफाटा उडताना मी उभा राहून बघितलाय. पण "अजून खाली" हाच आपला एकमेव मंत्र. बेटावर नेमका तोच अंगलट येतो.

लक्षद्वीपची बेटं प्रवाळाची. वर पांढरी वाळू, खाली चुनखडक, सगळं चाळणीसारखं. ओढा नाही, नदी नाही. वर्षाला साधारण १,६०० मिमी पाऊस पडतो आणि झाडांनी घेऊन उरलेला खाली मुरतो. खाली समुद्राचं पाणी आधीच भरलेलं असतं. ते लिटरमागे सुमारे २५ ग्रॅमनं जड, म्हणून पावसाचं पाणी त्याच्यावर तरंगत राहतं, तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखं. मधोमध जाड, किनाऱ्याकडं पातळ. डच अभियंता बाडोन गायबेन आणि जर्मनीचा हेर्झबर्ग यांनी शंभरेक वर्षांपूर्वीच हा हिशोब मांडला: समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक फूट असेल, तर खाली ४० फूट. आता हाच हिशोब उलटा वाचा. उपशानं वरची पातळी एक फूट कायमची उतरली, तर खालचं खारं पाणी ४० फूट वर सरकू शकतं! हे झालं कागदावर. प्रत्यक्षात भरती-ओहोटीनं गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या मधला जाड थर मचूळच झालेला असतो, त्यामुळं हातात लागतं त्याहून बरंच कमी.

म्हणजे आपला बोअर आटतो, त्यांची विहीर खारट होते. बोअर मारला तर सायीला भोक पाडून थेट खाऱ्यात. तिथली रीत उथळ विहिरीची, पोहऱ्यानं थोडं थोडं काढायची. जास्त पाणी लागलं तर वाळूत आडवे जाळीचे पाइप टाकून हळू ओढतात. साय वरून काढायची असते, रवी घालून नाही.

नारळही त्याच सायीवर जगतो. आणि शोषखड्ड्याचं पाणीही तिच्यातच उतरतं, कारण वाळू काही अडवून धरत नाही. हे घाणीचं पाणी पुढं किनाऱ्याला झिरपतं, शेवाळ माजतं, प्रवाळ गुदमरतो. संडास आणि विहीर यांच्यातलं अंतर हा तिथं समुद्राचाही प्रश्न आहे. (आपल्या गावठाणातले आड आठवा. फार शहाणपणा आपणही केला नाही.)

मालदीवच्या मालेचं बघा. दाट वस्तीनं तिथली साय खरवडून आणि नासवून टाकली, मग अख्खं शहर समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्रावर आलं. डिसेंबर २०१४ मध्ये त्या यंत्राच्या ठिकाणी आग लागली आणि भारतातून विमानांनी, जहाजांनी पाणी न्यावं लागलं. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली ती त्यानंतर दीड वर्षाच्या आत, एप्रिल २०१६ मध्ये. कवरत्तीतही २००५ पासून असा प्रकल्प आहे, खोल समुद्राच्या थंड पाण्याच्या मदतीनं दिवसाला लाखभर लिटर गोडं पाणी काढणारा. तेव्हा भाच्याची पिण्याची सोय होईल, काळजी नको.

फक्त विहिरीवर मोठी मोटर बसवू नको म्हणावं. आणि जाताना पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर द्या त्याच्याकडं. पावसाळ्यानंतर एकदा, एप्रिल-मे मध्ये एकदा मोजायला सांगा आणि आकडे इथं टाका. मलाही बघायचेत.