वाचकांचे प्रश्न : खडस पुन्हा डोहात येईल का?

प्रश्न : मावळात आमच्या गावच्या डोहात पूर्वी मोठे खडस मासे असत. आता एकही दिसत नाही. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणून सोडली तर टिकतील का?

उत्तर : आधी डोहाच्या वरच्या अंगाला किलोमीटरभर नदी चालून पाहा. खडस, म्हणजे दख्खनी महासीर, राहतो डोहात, पण त्याची वीण डोहात होत नाही. पावसाळ्यात पाणी चढलं की तो प्रवाहाविरुद्ध वर जातो आणि गोटे-खडीच्या उथळ, वाहत्या पाण्यात अंडी घालतो. पिवळसर, जड अंडी खडीच्या फटींत बसतात. तीन-चार दिवसांत पिल्लू बाहेर येतं, पण पोटाची बलकपिशवी मोठी असल्यामुळे बरेच दिवस ते पोहत नाही, उजेड टाळून दगडांच्या आडोशाला पडून राहतं. तेवढ्यात खडीवर गाळ बसला तर फटींतलं पाणी खेळेनासं होतं आणि अंडी गुदमरतात. खडीचा उपसा आणि वाटेतला बंधारा, बहुतेक ठिकाणी हीच कारणं सापडतात. त्यात रोहूची मादी किलोमागे लाखांनी अंडी देते, खडसाची काही हजारच. बुडालेला हंगाम त्याला भरून काढता येत नाही.

खडी शाबूत असेल तरच बोटुकली आणा. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरचं महासीर प्रजनन केंद्र आहे. मावळात ती सोडायला हरकत नाही. ब्रिटिश निसर्ग अभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये या जातीचं वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरूनच. कावेरीत मात्र हीच जात बाहेरून नेऊन सोडली गेली, ती फोफावली आणि तिथला पाठीला उंचवटा असलेला महासीर २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरला. दुसऱ्या खोऱ्यात बोटुकली कधीच नेऊ नका.

पूर ओसरल्यावर, सकाळच्या गारव्यात सोडा. पिशवी वीस मिनिटं नदीत तरंगत ठेवा, मग थोडं थोडं नदीचं पाणी आत घ्या. तापमान एकदम बदललं तर पिल्लं दगावतात.

प्रश्न : महाडजवळच्या वाळणकोंडीच्या डोहात खडसांना चुरमुरे टाकतात. ते योग्य आहे का?

उत्तर : मूठभर चालतील. खडसाच्या जबड्यात दात नसतात, घशात असतात. त्यांनी तो गोगलगायी, खेकडे, काठावरची पडलेली फळं चिरडतो. उन्हाळ्यात प्रवाह थांबलेला असताना उरलेलं खाद्य कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं. मोठ्या माशांना त्याची झळ लगेच बसते. पाव तर नकोच. काठचं उंबर जपलं तर फळं आपोआप डोहात पडतील.