जुन्या गावातले जुने घर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दोघे अठरा वर्षे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अटलांटाच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहत आहोत. मुले शिकायला बाहेर गेली आहेत आणि आता पूर्वेकडे सुमारे ६० मैलांवर असलेल्या मॅडिसन या गावात, १८९० च्या दशकातले एक लाकडी घर घेण्याचे आमच्या मनात आहे. घर 'नॅशनल रजिस्टर'मध्ये नोंदलेल्या भागात येते. परिचित सांगतात की असे घर घेतले की खिळा ठोकायलाही परवानगी काढावी लागते. हे कितपत खरे आहे?

उत्तर : तुमच्या परिचितांनी दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केलेली आहे, आणि ही गल्लत इतकी सर्रास होते की घर विकणारे दलालही तिच्यातून सुटत नाहीत. 'नॅशनल रजिस्टर' ही १९६६ च्या केंद्रीय कायद्याखाली ठेवलेली ऐतिहासिक वास्तूंची यादी आहे. खासगी मालकाने स्वतःच्या पैशाने घरात काय करावे यावर त्या यादीत नाव असल्याने काहीही बंधन येत नाही. बंधन येते ते गावाने स्वतःच्या अधिकारात जाहीर केलेल्या ऐतिहासिक विभागामुळे. अमेरिकेच्या दक्षिणेत ही पद्धत जुनी आहे. असा विभाग नियमाने आखणारे अमेरिकेतले पहिले शहर साउथ कॅरोलायनातले चार्ल्स्टन, आणि ते वर्ष होते १९३१. जॉर्जियात यासाठी १९८० चा राज्य कायदा आहे आणि मॅडिसनमध्ये त्याखाली नेमलेली जतन समिती काम करते. तेव्हा पहिले काम म्हणजे नगरपालिकेच्या नियोजन कार्यालयात जाऊन तुमचे घर स्थानिक विभागाच्या सीमेच्या आत आहे की बाहेर, हे नकाशावर पाहून घेणे. यादीतल्या भागाची आणि स्थानिक विभागाची सीमा एकच असेल असे गृहीत धरू नका.

घर आत असेल तर बाहेरून दिसणाऱ्या बदलांसाठी, म्हणजे ओसरीचे खांब, खिडक्या, छपराचे साहित्य, नवे कुंपण, मागची वाढीव खोली यांसाठी समितीचे योग्यता प्रमाणपत्र आधी घ्यावे लागते. समितीने अर्जावर ४५ दिवसांच्या आत निर्णय द्यावा असे कायद्यात आहे. साहित्य, रचना आणि बाह्यरूप न बदलता केलेली नेहमीची डागडुजी यातून मोकळी आहे. बाहेरच्या रूपावर परिणाम न करणारी घराच्या आतली मांडणी समितीच्या कक्षेतच येत नाही, त्यामुळे स्वयंपाकघर तुम्हाला हवे तसे करता येईल. सर्वाधिक खटके उडतात ते खिडक्यांवरून. जुन्या लाकडी तावदानांच्या जागी विनाइलच्या खिडक्या बसवू दिल्या नाहीत म्हणून लोक समितीला दोष देतात. माझे मत समितीच्या बाजूचे आहे, आणि ते सौंदर्याच्या कारणासाठी नाही. शंभर वर्षांपूर्वीचे गाभ्याचे पाइन लाकूड आजच्या बाजारात सहजासहजी मिळत नाही. त्या खिडकीची दुरुस्ती होऊ शकते, विनाइलची खिडकी बिघडली की ती फेकावीच लागते. बाहेरून जोडीची वादळी तावदाने, म्हणजे मूळ खिडकीवर बसणारी जादा तावदाने, लावली तर थंडीचा प्रश्नही बराचसा मिटतो.

करसवलतीबद्दल थोडक्यात : केंद्राची २० टक्क्यांची सवलत उत्पन्न देणाऱ्या वास्तूंसाठी आहे, स्वतः राहण्याच्या घराला ती मिळत नाही. राज्याच्या योजनांमध्ये राहत्या घरांचाही विचार होतो, पण काम सुरू करण्यापूर्वीच राज्याच्या जतन विभागाकडे विचारणा करावी. काम उरकून नंतर अर्ज करणाऱ्यांच्या पदरी सहसा निराशाच येते.

प्रश्न : याच घराची पाहणी करताना नेमके काय पाहावे? वरून घर अतिशय देखणे आहे, नुकताच रंगही दिला आहे.

उत्तर : ताजा रंग पाहिला की मी आधी घराखाली जातो. रस्त्यावरून दिसणाऱ्या घरात गावाचाही वाटा असतो. जमिनीखालून दिसणारे घर मात्र सर्वस्वी तुमचे असते, आणि खर्च तिथेच दडलेला असतो.

त्या काळची लाकडी घरे विटांच्या खांबांवर उभी केलेली असत आणि खालून वारा खेळता राहावा अशी योजना असे. कोकणात जोत्याची उंची ओलीच्या भीतीने ठरते, तोच विचार येथे वेगळ्या रीतीने केलेला आहे. पुढे केव्हातरी कुणीतरी खांबांमधल्या मोकळ्या जागा विटांनी भरून टाकल्या, मग घरात वातानुकूलन आले, आणि जॉर्जियाच्या दमट उन्हाळ्यात थंड झालेल्या जमिनीच्या फळ्यांखाली पाणी साचू लागले. तुळया आणि कडेची आधारलाकडे यामुळे आतून कुजतात. बॅटरी आणि टोकदार स्क्रूड्रायव्हर घेऊन पाहणी करणाऱ्याबरोबर तुम्ही स्वतः क्रॉल स्पेसमध्ये, म्हणजे घराखालच्या सरपटत जाण्याइतक्या पोकळीत, शिरा. लाकडात टोक सहज रुतले तर विक्रेत्याच्या कुठल्याही आश्वासनापेक्षा ते अधिक बोलके आहे. छपराचे पाणी पन्हळीतून घरापासून दूर जाते की पायाशीच मुरते, हेही पाहा. तिकडची लाल चिकणमाती पाणी धरून ठेवते.

वाळवी हा दक्षिणेतला नित्याचा विषय आहे. पायाच्या विटांवर मातीच्या बारीक नळ्या दिसतात का ते तपासा, आणि घरावर 'टर्माइट बाँड', म्हणजे वाळवी नियंत्रण कंपनीशी दरवर्षी नूतनीकरण होणारा करार आहे का, तो नव्या मालकाच्या नावे होतो का, हे विचारा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो करार फक्त पुन्हा औषध मारण्याचा आहे की झालेल्या नुकसानीची दुरुस्तीही त्यात येते, हे वाचून घ्या. नाव दोन्हींचे एकच असले तरी किंमत आणि उपयोग यांत मोठा फरक आहे.

विजेची जुनी, चिनी मातीच्या गुंडाळ्यांवरून आणि नळ्यांमधून नेलेली तारजोडणी माळ्यावर अजून जिवंत असेल तर अनेक विमा कंपन्या विमाच नाकारतात, आणि विमा नाही म्हणजे कर्ज नाही. म्हणून विम्याची चौकशी घर पक्के करण्यापूर्वीच करावी. अशा घरांची पुनर्बांधणी बाजारभावाहून महाग पडू शकते, कारण जुना गिलावा, नक्षीकाम आणि लाकूड जसेच्या तसे करणारे कारागीर थोडे असतात. साध्या पॉलिसीत यासाठी पुरेशी तरतूद आहे का, आणि नव्या बांधकाम नियमांमुळे वाढणारा खर्च तिच्यात धरला आहे का, हे एजंटाकडून लेखी घ्या.

१९७८ पूर्वीचे घर असल्यामुळे शिशाच्या रंगाबद्दल ज्ञात माहिती देणे विक्रेत्याला केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती तपासणी करून घेण्यासाठी तुम्हाला दहा दिवसांची संधीही मिळते. जुना रंग खरवडण्याचे काम प्रशिक्षित, प्रमाणपत्रधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. चिमणीच्या विटांचे सांधे कुणी सिमेंटने भरले असतील तर तेही टिपून ठेवा. जुन्या मऊ विटांना चुनाच मानवतो, कडक सिमेंटमुळे ओल विटेतून बाहेर पडू पाहते आणि विटेचा पृष्ठभाग सुटून पडतो. पुण्यातल्या जुन्या वाड्याची दुरुस्ती ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको.

जॉर्जियाच्या प्रचलित करारपत्रात ठरावीक दिवसांची पडताळणीची मुदत असते. तिच्यात कोणतेही कारण न देता माघार घेऊन इसाराची रक्कम परत मिळवता येते. हे दिवस वाटाघाटीने ठरतात, तेव्हा नव्या घरासाठी मागाल त्याहून अधिक दिवस मागा.

प्रश्न : अशा छोट्या गावात आपल्यासारख्यांना परकेपणा जाणवतो का? सुट्टीत सगळे छान दिसते, पण रोजचे काय?

उत्तर : मॅडिसनची वस्ती सुमारे साडेचार हजार आहे, त्यामुळे तुम्ही आलात हे आठवड्याभरात सर्वांना कळलेले असेल. पहिल्या भेटीत "तुम्ही कोणत्या चर्चमध्ये जाता?" असा प्रश्न येईल. आपल्याकडे "तुमचं गाव कोणतं?" म्हणतात तसाच तो ओळख जोडण्याचा रिवाज आहे, चौकशी नव्हे. सरळ उत्तर द्यावे, लोक ते सरळच घेतात. लिलबर्नचे स्वामिनारायण मंदिर आणि भारतीय किराणा यांसाठी अटलांटाच्या दिशेने जावे लागेल. विद्यापीठाचे अथेन्स शहर त्याहून जवळ आहे.

एक गोष्ट मात्र घर घेण्यापूर्वी समजून घ्यावी. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ साली, उत्तरेचे सेनापती शर्मन यांच्या फौजेने हे गाव जाळले नाही ते त्याच्या सौंदर्यामुळे, अशी गोड कथा तुम्हाला ऐकवली जाईल. प्रत्यक्षात फौजेच्या डाव्या विभागाने रेल्वेचे स्थानक आणि कापूस जाळला. घरे वाचली याचे श्रेय सहसा येथील रहिवासी जोशुआ हिल यांना दिले जाते, ज्यांनी दक्षिणेच्या फुटून निघण्याला विरोध केला होता. आणि ती खांबांची घरे कापसाच्या पैशावर, म्हणजे गुलामांच्या श्रमांवर उभी राहिली. गुलामगिरीत जन्मलेल्या आणि पुढे कपडे धुऊन इस्त्री करून पैसे साठवलेल्या अ‍ॅडलाइन रोझ यांनी १८९१ मध्ये बांधलेले छोटेसे घर तेथे जपलेले आहे. मोठ्या घरांच्या फेरीआधी ते पाहा. शेजाऱ्यांपैकी काहींच्या घरचा इतिहास तोच आहे.

प्रश्न : गावाबाहेरचा एक भूखंड स्वस्तात मिळतो आहे, पण विक्रेता म्हणतो की जमीन आजोबांच्या नावे आहे, कागद नंतर करू. घ्यावा का?

उत्तर : नंतर नव्हे, आधी. दक्षिणेत, विशेषतः कृष्णवर्णीय कुटुंबांमध्ये, मृत्युपत्राविना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जमीन पुष्कळ आहे. सातबाऱ्यावर दहा वारसांची नावे असलेली शेतजमीन ज्यांनी एकट्या भावाकडून घेतली, त्यांना पुढचे सांगण्याची गरज नाही. कुणी एक सहहिस्सेदार न्यायालयात वाटप मागू शकतो. पूर्वी अशा दाव्यांत संपूर्ण जमीन लिलावात कवडीमोलाने जात असे आणि बाहेरचे खरेदीदार हेतुपुरस्सर एकाचा हिस्सा विकत घेऊन हे घडवून आणत. जॉर्जियाने २०१२ मध्ये यावर कायदा केला असून इतर वारसांना आता न्यायालयाने ठरवलेल्या मूल्याने हिस्सा घेण्याची पहिली संधी मिळते. वकिलाकडून मालकी हक्काचा पूर्ण शोध, सर्व वारसांच्या सह्या आणि मालकाच्या नावाचा टायटल विमा, म्हणजे मालकी हक्कात पुढे दोष निघाल्यास संरक्षण देणारा विमा, या तिन्हींपैकी एक जरी कमी असेल तर स्वस्त किंमत विसरा. त्या कुटुंबाला बाजारभाव न सांगता अशी जमीन घेणे कायद्यात बसले तरी मी त्यात पडणार नाही.

प्रश्न : घर घेतल्यावर मालमत्ता करात सूट मिळते का?

उत्तर : मिळते, पण आपोआप नाही. १ जानेवारीला ते घर तुमच्या मालकीचे आणि मुख्य निवासाचे असायला हवे, आणि होमस्टेड, म्हणजे राहत्या घराच्या, सवलतीचा अर्ज ठरलेल्या मुदतीत काउंटीच्या कार्यालयात दाखल व्हायला हवा. डिसेंबरात खरेदी करत असाल तर ख्रिसमसच्या गडबडीत खरेदीखताची तारीख जानेवारीत ढकलू देऊ नका.