जुन्या फियाट-पद्मिनीच्या पुढच्या काचेचं बीडिंग (काचेभोवतीची रबरी पट्टी) मिळत नाही, कोल्हापुरात १५-२० जणांनी मिळून बनवून घ्यायचं तर सुरुवात कुठून करू?

भावा, आधी पैसे गोळा कर, मग सॅम्पल शोध. "मला पण पायजे" म्हणणारे ३० निघतात, अॅडव्हान्स म्हटलं की १२ उरतात, आणि सगळं गणित डायवर, म्हणजे रबराला आकार देणाऱ्या साच्यावर असतं. समजा डाय १२ हजाराची, तर ३० जणांत ४०० आणि १२ जणांत हजार, रबराचे पैसे वेगळेच. म्हणून निम्मे पैसे दिले तोच यादीत.

रबरवाल्याला सॅम्पल जुन्या गाडीचं काढून देऊ नकोस, आम्ही तीच चूक केली. २०-२५ वर्षं उन्हात राहून रबर आकसलेलं असतं, पट्टीचे ओठ (काचेला चिकटून बसणाऱ्या कडा) कडक होऊन वळलेले, त्याच मापावर माल आला आणि काच बसवताना कोपऱ्यात दोन बोटं फट राहिली. न वापरलेला तुकडा कुठं मिळाला तर उत्तम, नाहीतर काचेची जाडी आणि बॉडीच्या पत्र्याची कड व्हर्नियरनं (बारीक माप घ्यायचं साधन) मोजून दे. मटेरियल ईपीडीएमच (उन्हात टिकणारं कृत्रिम रबर) सांग, साधं रबर उन्हात लवकर चिरतं.

पहिला मीटरभर तुकडा आला की एका गाडीवर बसवून पाणी मारून बघ, मगच पुढची ऑर्डर. आणि डाय कोणाची हे बिलावर लिहून घे, नाहीतर पुढच्या वेळी तिचे पैसे परत मागतील.

धातूचे पार्ट असतील तर बाहेर जायचंच कशाला, उद्यमनगरात नमुना घेऊन चक्कर मार, टर्निंगवाले (लेथवर काम करणारे) आणि फाउंड्रीवाले (ओतकाम करणारे) दोन्ही तिथंच भेटतील. फक्त ब्रेकचे पार्ट असल्या जुगाडात घेऊ नको.