लिमिटेड कंपनी, दावा आणि तुझा खिसा

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कंपनीवर दावा झालाय आणि तुला उलट प्रतिदावा टाकायचाय. कंपनी लिमिटेड आहे, मग हरलो तरी माझ्या घराला काय धक्का, असं तू विचारलंस. बहुतेक वेळा काहीच नाही. पण आपल्या लोकांचा हिशेब चुकतो तो खर्चाच्या बाबतीत. भारतात खर्चाचा हुकूम बऱ्याचदा नावापुरता असतो. इथं इंग्लंडमध्ये हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याच्या वकिलांची बिलं भरायची हा मूळ नियम, आणि ती बिलं कधी कधी मूळ रकमेच्याही वर जातात. कंपनीच्या खात्यात तेवढे पैसे नसले की समोरच्याची नजर तुझ्यावर जाते.

सीनियर कोर्ट्स अ‍ॅक्ट 1981 च्या कलम 51 खाली, दाव्यात पक्षकार नसलेल्यालाही कोर्ट खर्च भरायला लावू शकतं. तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं 1986 मध्येच ते स्पष्ट केलं. मग तुला खर्चापुरतं पक्षकार करून घेतात आणि म्हणणं मांडायची संधी देतात. बहुधा न्यायाधीशही तोच असतो, ज्यानं तुझी उलटतपासणी ऐकलेली असते.

दाव्याचे सगळे निर्णय तुझेच, याची धास्ती नको. एकट्याच्या कंपनीत दुसरं कोण घेणार? टेलर विरुद्ध पेस डेव्हलपमेंट्स या 1991 च्या निकालात कोर्टानं हेच म्हटलं: तेवढ्यावर डायरेक्टरला धरलं तर मर्यादित जबाबदारी, म्हणजे कंपनीचं देणं कंपनीपुरतंच हे तत्त्व, पोखरली जाईल. 2021 मध्ये गोकनूर या तुर्की फळरस कंपनीनं एका डायरेक्टरकडून खर्च मागितला, तोही कोर्ट ऑफ अपीलनं नाकारला. त्या निकालातला न्यायमूर्ती कुल्सन यांचा सारांश मात्र सावकाश वाच. दाव्यातला खरा पक्षकार कोण, हा त्यांचा प्रश्न. लढाई कंपनीच्या फायद्यासाठी असेल, तर डायरेक्टरचा गंभीर गैरप्रकार किंवा अप्रामाणिकपणा दाखवावा लागतो, आणि त्यामुळेच समोरच्याचा खर्च वाढला हेही सहसा दाखवावं लागतं. लढाई डायरेक्टरच्या स्वतःच्या फायद्यासाठी असेल, तर गोष्ट वेगळी: खरा पक्षकार तोच ठरू शकतो. आणि फायदा म्हणजे फक्त पैसा नव्हे, अब्रूसुद्धा.

तुझ्याबाबतीत मला काळजी आहे ती इथेच. तुझ्या पत्रात प्रतिदाव्याच्या रकमेबद्दल दोन ओळी आहेत आणि समोरच्या माणसानं मीटिंगमध्ये केलेल्या अपमानाबद्दल दीड पान. अशाच ईमेल तू अकाउंटंटला पाठवल्या असशील, तर त्या उद्या न्यायाधीशांसमोर येऊ शकतात.

दुसरं टोक पाहायचं तर डॉइश बँक विरुद्ध सेबॅस्टियन होल्डिंग्ज. सेबॅस्टियन कंपनीचे एकमेव भागधारक आणि डायरेक्टर अलेक्झांडर विक. बँकेविरुद्धचा अब्जावधी डॉलरचा प्रतिदावा 2013 मध्ये फेटाळला गेला, त्यांची साक्ष खोटी ठरली, आणि कंपनीतला मोठा पैसा आधीच बाहेर गेलेला. खर्चापोटी सुमारे 3.6 कोटी पौंड त्यांनी स्वतः भरावेत असा हुकूम झाला. 2016 मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

तेव्हा प्रतिदावा टाकायचाच असेल, तर आधी बॅरिस्टरचं लेखी मत घे. कंपनीला काय मिळणार, हरलो तर किती जाणार, हे कंपनीच्या ठरावात लिहून ठेव. स्वतःच्या खिशातून कंपनीला कर्ज देऊन दावा चालवायचा असेल, तर जिंकल्यावर ती रक्कम कोणाच्या हाती पडेल हे कोर्ट विचारणारच. आणि दावा चालू असताना डिव्हिडंड काढून खातं रिकामं करू नकोस. लोक हे सर्रास करतात आणि वर त्याला टॅक्स प्लॅनिंग म्हणतात!

समोरच्या सॉलिसिटरचं पत्र येईल: कंपनी पैसे देऊ शकली नाही, तर तुमच्याकडून व्यक्तिशः मागू. धमकी समजून ते बाजूला टाकू नकोस. असा इशारा लवकर द्यावा अशी कोर्टाचीच अपेक्षा असते, आणि तो मिळूनही तू तसंच पुढे रेटलंस तर ते तुझ्याविरुद्ध मोजलं जाऊ शकतं. त्याच दिवशी स्वतःसाठी वेगळा वकील गाठ. कंपनीचा सॉलिसिटर कितीही ओळखीचा असला तरी त्याचा अशील कंपनी आहे. तिचं आणि तुझं हित तिथून पुढे एकच राहील असं नाही. त्या वेगळ्या वकिलाचं बिल मात्र कंपनीच्या खात्यातून देऊ नकोस.

तुझा काका