सरासरी बरोबर २०.०० मिमी येते, तरी शाफ्ट रिजेक्ट का होतात?

तुम्ही म्हणता, ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास २०.०० ± ०.०५ मिमी आहे, १०० शाफ्टची सरासरीही २०.०० आली, तरी दोन्ही बाजूंनी माल रिजेक्ट होतोय. सरासरीवर जाऊ नका, हिस्टोग्राम (कुठल्या मापाचे किती शाफ्ट ते खांबांनी दाखवणारा आलेख) काढा. ०.०१ मिमीचे गट करा आणि १९.९५, २०.०० व २०.०५ वर उभ्या रेघा मारा.

१९.९७ आणि २०.०३ जवळ दोन उंचवटे दिसले, तर बहुधा दोन लेथचा किंवा दोन शिफ्टचा माल एकत्र झालाय. वेगवेगळे आलेख काढा, कुठलं सेटिंग सरकलंय ते लगेच कळेल. उंचवटा एकच पण पसरट असेल, तर सेटिंग हलवून उपयोग नाही. मशीनचा प्ले (सैलपणा), जॉबची पकड बघा.

२०.०५ ला उंच खांब आणि पुढे एकदम काहीच नाही? मग एकतर माल आधीच निवडून आलाय, नाहीतर मोजणाऱ्याने २०.०६ चं २०.०५ लिहिलंय. (हे सगळीकडे चालतं, त्याला ओरडू नका!)

मोजायला मायक्रोमीटरच घ्या. ०.०२ मिमी लीस्ट काउंटच्या (म्हणजे त्याहून बारीक फरक न दाखवणाऱ्या) व्हर्नियरने एकाआड एक खांब रिकामे दिसतील.

टूलची झीज मात्र यात दिसणार नाही, कारण कुठला शाफ्ट आधी निघाला हे हिस्टोग्रामला कळत नाही. त्यासाठी मापं क्रमाने मांडा.