बॉक्समध्ये पडलेल्यालाच पिवळं कार्ड का?

म्हापशाच्या फुटबॉल मॅचमध्ये तुमचा स्ट्रायकर समोरच्यांच्या गोलपुढच्या बॉक्समध्ये पडला. पेनल्टी सोडाच, रेफ्रीने त्यालाच पिवळं कार्ड दाखवून फ्री किक समोरच्यांना दिली. हे नियमात बसतं का, असा तुमचा प्रश्न.

बसतं. नियम १२ प्रमाणे फाउल झाल्याचं किंवा लागल्याचं सोंग करणं म्हणजे रेफ्रीला फसवणं. शिक्षा पिवळं कार्ड. त्यासाठी खेळ थांबवला असेल तर समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल धरत नाहीत) मिळते. ते त्या खेळाडूचं दुसरं पिवळं असेल तर तो मैदानाबाहेर: २००२च्या वर्ल्ड कपमध्ये कोरियाविरुद्ध इटलीचा तोत्ती असाच गेला.

पण पडला म्हणजे एक तर फाउल, नाही तर सोंग, हा प्रेक्षकांचा हिशेब. तिसरंही असतं: काही झालं नाही, खेळा. आपल्याकडच्या पावसात तर हेच फार. टेकलेला पाय सटकला की चिखलात लांब ओरखडा उठतो आणि खेळाडू कुणी हात न लावता आडवा होतो. त्याने अपीलही केलं नाही, तर कार्ड कशाला?

‘पाय लागलाच नाही’ एवढ्यावरही सोंग ठरत नाही. पाडायचा नुसता प्रयत्न हाही फाउलच. घोटा वाचवायला उडी मारणारा लबाड नव्हे. उलट पाय लागला म्हणून फाउल झाला असंही नाही. मागे राहिलेला पाय मुद्दाम बाजूला टाकून डिफेंडरच्या पायात अडकवणारे हुशार असतात. म्हणून चांगला रेफ्री चेहरा नव्हे, पाय बघतो: कोण कुणाच्या वाटेत आलं? धक्का आणि पडणं यांत वेळ किती गेला? खरा अडखळलेला हात जमिनीकडे टाकतो. सोंगाड्याचे हात बहुधा वर, नजर शिट्टीकडे. यातली एकच खूण बघून कार्ड काढणं मात्र मला चूक वाटतं.

रेफ्री थेट मागे असेल तर दोघांची अंगं एकात एक दिसतात, मधली फट दिसते ती बाजूने. आपल्या गावच्या मॅचला व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा रेफ्री, कुठला? अशा वेळी लाइन्समनला विचारावं. पेनल्टीची शिट्टी वाजली असली, तरी किक घेईपर्यंत निर्णय बदलता येतो.