इन्चार्ज सिस्टरचं कौतुक कागदावर कसं उतरवायचं?

प्रश्न : आमच्या मेडिसिन वॉर्डात ३० खाटा आणि आम्ही आठ अधिपरिचारिका आहोत. आमच्या परिसेविका (वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर) मॅडम कायम आमच्या पाठीशी उभ्या राहतात. १२ मेच्या परिचारिका दिनाला आमच्याकडे उत्कृष्ट परिसेविका निवडतात. गेल्या वर्षी आम्ही सगळ्यांनी सह्या करून पत्र दिलं, पण ‘यात ठोस काही नाही’ असं मेट्रन ऑफिसमधून कळलं. ठोस म्हणजे नेमकं काय लिहायचं?
– अधिपरिचारिका, जिल्हा रुग्णालय

उत्तर : कष्टाळू, मनमिळाऊ, हसतमुख. पत्रात बहुधा हेच शब्द असणार. निवृत्तीच्या समारंभात वापरून वापरून ते इतके गुळगुळीत झालेत की समितीची नजर त्यांच्यावर ठरतच नाही. विशेषणं गाळा आणि तीन प्रसंग लिहा. तारीख, पाळी, वेळ, मॅडमनी काय केलं आणि त्यामुळे काय टळलं किंवा बदललं. सगळं मिळून एक पान पुरे.

प्रसंग कसा लिहायचा त्याचा हा नमुना : ‘नाइट ड्यूटी, रात्री २.२०. इंजेक्शन दिल्यावर एका सिस्टरच्या बोटाला वापरलेली सुई टोचली. मॅडमना घरी फोन केला. बोट पिळू नको, तोंडात घालू नको, वाहत्या पाण्याखाली साबणाने धू, एवढं सांगून त्यांनी तिला लगेच कॅज्युअल्टीत पाठवलं. शेजारच्या वॉर्डातून एक सिस्टर मागवून तिचे पेशंट सोपवले. ३.२५ला एचआयव्ही प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस मिळाला. सकाळी घटनेचा अहवाल मॅडमनी स्वतः बसून तिच्याकडून भरून घेतला. पुढचे २८ दिवस गोळ्या चालू आहेत ना, हे त्या विचारत राहिल्या.’ यात कौतुकाचं एकही विशेषण नाही, पण वाचणाऱ्या डॉक्टरला सगळं कळतं. हा डोस शक्यतो दोन तासांच्या आत घ्यायचा असतो, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नसतो. अशा वेळी ‘सुई नीट धरता येत नाही का?’ हे पहिलं वाक्य ऐकावं लागलं, तर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडत नाही. मात्र त्या सिस्टरचं नाव आणि तपासण्यांचे निकाल पत्रात येऊ देऊ नका. प्रसंग लिहिण्याआधी तिला विचारा.

दुसरा पुरावा ड्यूटी रजिस्टरमध्ये आहे. तीन महिन्यांच्या नाइट मोजा. रात्री दोघी असतात असं धरलं तर ९० रात्रींच्या १८० नाइट होतात. आठ जणींत भागल्या की प्रत्येकीच्या वाट्याला २२-२३ येतात. प्रत्यक्षातले आकडे २० ते २५च्या आत असतील तर ते पत्रात जरूर लिहा. कुणाच्या ३४ आणि कुणाच्या ११ निघाल्या, तर त्यामागे लहान बाळ, आजारपण असं सगळ्यांना माहीत असलेलं कारण आहे का, ते पाहा. कारण नसेल तर पत्राचा फेरविचार करावा, हे आमचं प्रामाणिक मत. गोड बोलून मर्जीतल्यांना ऑफ देणाऱ्या इन्चार्ज काही कमी नाहीत. ड्यूटी किती दिवस आधी लागते, आयत्या वेळी किती वेळा बदलते आणि बदलताना फोन करून विचारतात की नुसती खाडाखोड करतात, हेही त्याच रजिस्टरात दिसतं.

तिसरा प्रसंग बाहेरच्या माणसाशी झालेल्या सामन्याचा निवडा. राऊंडला पेशंटसमोर सिस्टरवर आवाज चढवणारे डॉक्टर किंवा मृत्यूनंतर अंगावर धावून आलेले नातेवाईक. मॅडम मध्ये उभ्या राहिल्या, हे लिहाच. पण नंतर काय झालं त्याला जास्त वजन आहे : सुरक्षारक्षक बोलावला का, तक्रार लेखी गेली का, त्या सिस्टरला उरलेल्या पाळीत दुसऱ्या खाटा दिल्या का. रुग्णालयातल्या हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रात २०१०चा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे. लेखी तक्रार नसेल तर त्याचा काही उपयोग होत नाही.

एक चूक टाळा. ‘मॅडम रोज चौदा तास थांबतात, सुट्टी घेतच नाहीत’ असं लिहायचा मोह होतो. जाणता वाचणारा त्याचा उलटा अर्थ लावतो : त्यांच्याशिवाय वॉर्ड चालत नाही. त्या पंधरा दिवस रजेवर असताना ओव्हर (पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवणं) वेळेवर झाली, इंडेंट (सामानाची मागणी) अडला नाही, क्रॅश ट्रॉली (तातडीच्या औषध-साहित्याची गाडी) रोज तपासली गेली आणि हे कुणी सांभाळलं, ते लिहा. माणसं तयार केल्याचा याहून चांगला दाखला नाही.

(आणि पत्र तुम्हीच लिहा. पुष्कळ ठिकाणी मजकूर इन्चार्जच लिहून देतात आणि खाली सह्या घेतल्या जातात. समितीला ते अक्षरावरूनच कळतं.)

प्रश्न : आमच्या इन्चार्ज फार प्रेमळ आहेत. औषधात चूक झाली तर ‘जाऊ दे, मी बघते’ म्हणून मिटवतात, अहवाल पाठवत नाहीत. याला आधार देणं म्हणायचं का?
– स्टाफ नर्स, खासगी रुग्णालय

उत्तर : नाही. मेमो न देणं वेगळं आणि चूक गाडणं वेगळं. समजा, पोटॅशियम क्लोराइडचा (शिरेत एकदम गेलं तर जिवावर बेतणाऱ्या औषधाचा) अँप्यूल शेजारच्या, तशाच दिसणाऱ्या अँप्यूलऐवजी हातात आला आणि शेवटच्या क्षणी लक्षात आलं. मिटवलं, तर दोन्ही अँप्यूल त्याच कप्प्यात शेजारी राहतात आणि पुढची सिस्टर फसते. अहवाल गेला, तर पोटॅशियम कुलूपबंद वेगळ्या डब्यात जातं, वर लाल लेबल लागतं, देताना दोघींनी तपासायचा नियम होतो. चांगली इन्चार्ज आधी पेशंट पाहते, डॉक्टरांना कळवते, मग ‘हे घडलं कसं?’ विचारते आणि अहवालाच्या वेळी सोबत बसते. त्यामुळे चांगल्या वॉर्डातून येणारे अहवाल सुरुवातीला वाढतात. व्यवस्थापनाने तो आकडा पाहून वॉर्डाला वाईट ठरवू नये. शून्य अहवाल देणाऱ्या वॉर्डाचीच आम्हाला जास्त काळजी वाटते.

प्रश्न : वडील वीस दिवस सरकारी रुग्णालयात होते. वॉर्डच्या मोठ्या सिस्टरांनी फार सांभाळून घेतलं. साडी द्यावी म्हणतो.
– एक मुलगा

उत्तर : साडी नको. भेटवस्तूंबाबत सरकारी कर्मचाऱ्यांना नियम आहेत. तुमच्या प्रेमापोटी त्या अडचणीत येतील. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे पत्र लिहा आणि प्रत अधिसेविकांना (मेट्रनना) द्या. ‘मोठ्या सिस्टर’ एवढ्याने कुणाला काही कळत नाही. पूर्ण नाव, वॉर्ड, दाखल झाल्याची आणि डिस्चार्जची तारीख घाला. आवक विभागात देऊन तुमच्या प्रतीवर शिक्का घ्या, म्हणजे पत्राची नोंद राहते. पाळीवरच्या इतर सिस्टर, मामा आणि मावशींचाही उल्लेख केलात तर उत्तम. मोठ्या सिस्टरांना बहुतेक त्याचाच जास्त आनंद होईल.

प्रश्न : डेझी पुरस्कार फक्त पेशंटजवळ काम करणाऱ्या नर्ससाठीच असतो का?
– नर्स, अमेरिका

उत्तर : नाही, नर्स लीडरसाठी वेगळा डेझी पुरस्कार आहे. पॅट्रिक बार्न्स यांचं १९९९मध्ये, ३३व्या वर्षी, आयटीपी या रक्तातल्या प्लेटलेट कमी होण्याच्या आजाराच्या गुंतागुंतीने निधन झालं. शुश्रूषा करणाऱ्या नर्सचे आभार मानायला कुटुंबाने डेझी पुरस्कार सुरू केला. तुमचं रुग्णालय या कार्यक्रमात सामील आहे का ते आधी नर्सिंग ऑफिसात विचारा. मजकूर मात्र वरच्यासारखाच : प्रसंग, वेळ, कृती.